गाण्यात गप्प बसणारा वूफर आणि ‘पॉइंट वन’ चॅनल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहता. हॉल १५ बाय १२ फूट, स्लॅब १० फुटांवर. ५.१ रिसीव्हर, समोर दोन उभे टॉवर, टीव्हीखाली सेंटर, मागे दोन छोटे सराउंड, आणि टीव्ही युनिटशेजारच्या कोपऱ्यात १० इंची पॉवर्ड सबवूफर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मारामारीच्या सिनेमात स्फोट झाला की शोकेसच्या काचा थरथरतात आणि खालचे काका वर येतात. पण गाणी लावली की वूफर आहे की नाही तेच कळत नाही, आणि डिशवर मालिका लावली तर तो अगदीच मुका. म्हणून तुम्ही विचारलंत, की एलएफई चॅनल (५.१ मधला तो ‘पॉइंट वन’) खराब झालाय का, आणि दुकानदार म्हणतो तसा १२ इंची वूफर घ्यावा का?

तुमचा चॅनल खराब झालेला नाही आणि नवा वूफर घ्यायची घाई करू नका. मी सोलापुरात गेली एकवीस वर्षं घरोघरी सिस्टिम बसवतो. स्फोटात दणका, गाण्यात शांतता आणि मालिकेत मौन ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की मी पहिल्यांदा रिसीव्हरचा एक मेनू उघडतो. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच सापडते. मात्र तुमचा हॉल मी पाहिलेला नाही आणि वूफरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खालचे काही आकडे तुम्हाला जागेवर खालीवर करावे लागतील. कुठले, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

सगळा घोटाळा एका समजुतीतून होतो. आपण धरून चालतो की ५.१ मधला ‘पॉइंट वन’ म्हणजेच बेस, आणि तो वाजवायला सबवूफर. प्रत्यक्षात एलएफई हा सिनेमाच्या ट्रॅकमधला एक चॅनल आहे आणि सबवूफर ही तुमच्या हॉलमधली एक पेटी आहे. दोन्हींचा संबंध आहे, पण ते एक नाहीत. आपल्याकडे घरच्या टाकीला दोन नळ असतात ना, एक महापालिकेच्या पाण्याचा आणि एक बोअरचा, तसं समजा. सबवूफर ही टाकी. एका नळाने एलएफई येतो, जो सिनेमा बनवणाऱ्याने दिला तेव्हाच येतो, आपल्या नळाच्या पाण्यासारखा काही दिवसांआड. दुसऱ्या नळाने बाकीच्या पाच चॅनलमधला बेस येतो, आणि रोजचं काम त्याच्यावरच चालतं. तुमच्या घरी हा दुसरा नळ बंद आहे.

पहिल्या नळाबद्दल आधी बोलू, कारण त्याच्याविषयीच जास्त गैरसमज आहेत. ५.१ मधले पाच चॅनल, म्हणजे डावा, उजवा, सेंटर आणि दोन सराउंड, पूर्ण पल्ल्याचे असतात. माणसाच्या कानाचा पल्ला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ धरतात (आकडा जितका लहान, सूर तितका खालचा), आणि तो सगळा पल्ला या प्रत्येक चॅनलमध्ये मावतो. म्हणजे सेंटरमध्ये ३० हर्ट्झची घरघर ठेवायला कुणाची आडकाठी नाही. सहावा चॅनल मात्र फक्त १२० हर्ट्झपर्यंतचा. पल्ला एवढा तोकडा असल्यामुळे त्याला एक न म्हणता पॉइंट वन म्हणतात.

मग तो जादा चॅनल आणला कशाला? १९७० च्या दशकात ७० मिलिमीटर फिल्मवर चुंबकीय पट्ट्यांवर आवाज असायचा. पडद्यामागच्या स्पीकरना बोलणं आणि संगीत नीट झेपायचं, पण प्रचंड मोठा खोल दणका दिला की ते फाटायचे. म्हणून दणक्यासाठी वेगळी पट्टी आणि वेगळे स्पीकर अशी सोय निघाली. पुढे १९९२ मध्ये थिएटरात डॉल्बी डिजिटल आणि १९९३ मध्ये डीटीएस आलं, तेव्हा तीच सोय डिजिटल रूपात कायम झाली. एलएफईचं पूर्ण नावही ‘लो फ्रीक्वेन्सी इफेक्ट्स’ असंच आहे. इफेक्ट हा शब्द लक्षात ठेवा. विमान कोसळणं, धरण फुटणं, जमीन हादरणं, असल्या प्रसंगांसाठी ती राखीव जागा आहे.

या चॅनलची आणखी एक खुबी आहे, आणि तुमच्या काचा का थरथरतात याचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. एलएफई ट्रॅकमध्ये १० डेसिबल खाली भरलेला असतो आणि वाजवताना १० डेसिबल वर उचलला जातो. थिएटरच्या ठरलेल्या पातळीवर बाकीचा एकेक चॅनल जास्तीत जास्त १०५ डेसिबलपर्यंत जातो, तर एलएफई ११५ पर्यंत. तुम्ही घरी त्या पातळीच्या जवळपासही ऐकत नसाल, पण हे १० डेसिबलचं अंतर तुमच्या हॉलमध्येही तसंच राहतं. कुजबुजीचं दृश्य ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज वाढवता, पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो आणि खालचे काका दारात उभे.

आता गाण्यांकडे या. गाण्याची फाइल, यूट्यूब, जुने सिनेमे, डिशवरच्या बहुतेक वाहिन्या, सगळं दोन चॅनलचं म्हणजे स्टिरिओ असतं. त्यात पॉइंट वन नसतोच. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर वाजते, डग्ग्याचा घुमारा आणि ढोलाचा ठोका १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. हे सगळं डाव्या-उजव्या चॅनलमध्येच असतं. इतकंच काय, ५.१ चा सिनेमा टीव्हीने स्टिरिओ करून पुढे पाठवला, तर डॉल्बीच्या पद्धतीत त्या रूपांतरात एलएफई सहसा वगळला जातो. हे माहीत असल्यामुळे सिनेमाचा आवाज जुळवणारे जाणकार मिक्सर कथेला गरजेचा असलेला कुठलाही आवाज एकट्या एलएफईच्या भरवशावर सोडत नाहीत. म्हणजे पहिल्या नळाने पाणी आलं नाही तरी बेस हरवलेला नसतो. तो बाकीच्या चॅनलमध्ये असतोच, वूफरपर्यंत पोचवावा मात्र लागतो.

हे पोचवण्याचं काम रिसीव्हर करतो. त्याला बेस मॅनेजमेंट म्हणतात. तुमच्या मेनूत ‘स्पीकर साइझ’ किंवा ‘स्पीकर कॉन्फिगरेशन’ असं काहीतरी असेल, त्यात प्रत्येक स्पीकरपुढे ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’. माझा अंदाज असा, की तुमचे समोरचे दोन टॉवर लार्ज आहेत. उंचीने मोठे म्हणून कुणीतरी हाताने तसं केलं असेल, नाहीतर रिसीव्हरच्या मायक्रोफोनने स्वतःच ठरवलं असेल. मोठे टॉवर दिसले की ऑटो सेटअप बरेचदा त्यांना लार्ज ठरवतो.

हे शब्दच दिशाभूल करणारे आहेत. लार्ज म्हणजे ‘या स्पीकरला सगळा बेस द्या, यातलं वूफरकडे काही वळवू नका.’ स्मॉल म्हणजे ‘ठरलेल्या रेषेखालचा बेस याच्याकडून काढून वूफरला द्या.’ आकाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. सुरुवातीच्या काळात मीही टॉवर बघून डोळे झाकून लार्ज करत असे. विजापूर रोडवरच्या एका घरी काकूंनी मला विचारलं, ‘अभंग लावला की मृदंग कुठे जातो हो?’ मी तासभर वायरी तपासत बसलो. शेवटी दोन्ही टॉवर स्मॉल केले आणि मृदंगाची धुमाळी हॉलमध्ये आली. त्या दिवसापासून मी घरच्या सिस्टिममध्ये एकही स्पीकर लार्ज ठेवत नाही. टॉवरमध्ये साडेसहा इंची दोन वूफर असले तरी ४५-५० हर्ट्झच्या खाली ते दमतात, आणि त्याखालचं काम करायला तुम्ही पैसे देऊन वेगळी पेटी घेतलेलीच आहे.

तेव्हा पाचही स्पीकर स्मॉल करा. मग क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या रेषेखालचा बेस वूफरला द्यायचा, ते ठरवा. ८० हर्ट्झ हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा आहे, आणि सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही तोच धरला. कारण असं, की साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. वूफर कोपऱ्यात असला तरी बेस टॉवरमधूनच आल्यासारखा वाटतो. रेषा वर नेली की वूफरची जागा कळायला लागते. पुरुषाच्या आवाजाचा खालचा सूर ८५ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे रेषा फार वर नेली की नायक टीव्ही युनिटच्या कोपऱ्यातून बोलतो.

टॉवरना ६० ते ८० आणि सेंटरला ८०, इथून सुरुवात करा. मागच्या छोट्यांचं मात्र त्यांच्या आकारावर अवलंबून आहे. त्यांत तीन इंची स्पीकर असेल तर १२०, अगदीच खेळण्याएवढे असतील तर १५० सुद्धा द्यावं लागेल. तेवढ्या छोट्या स्पीकरकडून त्याखालचं काही निघत नाही, उगाच ताण मात्र पडतो. सगळ्यांना एकच आकडा द्यायची सक्ती करणारे जुने रिसीव्हरही असतात. तुमचा तसला असेल तर १०० वर तडजोड करा आणि वूफर समोरच्याच बाजूला ठेवा.

आजूबाजूच्या तीन-चार सेटिंग तेवढ्यात बघून घ्या. ‘एलएफई प्लस मेन’ किंवा ‘डबल बेस’ असा पर्याय असेल तर तो बंद. त्यात तोच बेस टॉवर आणि वूफर दोन्हीकडे जातो. दोघांचं अंतर वेगळं असल्यामुळे सोफ्यावर काही सूर दुप्पट होतात, काही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि बेस चिकट, गढूळ होतो. ‘एलपीएफ फॉर एलएफई’ हा आकडा १२० वरच ठेवा. तो म्हणजे क्रॉसओव्हर नव्हे, एलएफई चॅनलची वरची मर्यादा आहे. काही जण तो ८० करतात आणि दणक्याचा वरचा धारदार भाग कापून बसतात.

वूफरच्या पाठीमागे जे क्रॉसओव्हरचं बटण असतं ते शेवटपर्यंत वर फिरवा, किंवा एलएफई लिहिलेल्या जॅकमध्ये वायर लावा, कारण तिथे ते बटण बाजूला पडतं. रिसीव्हर एकदा गाळतो, वूफरने पुन्हा गाळायला नको. आणि पाठीमागे ‘ऑटो’ आणि ‘ऑन’ असं स्विच असेल तर ते ‘ऑन’वर आणा. ऑटोवर वूफर बारीक सिग्नल आला की झोपलेलाच राहतो. रात्री हळू आवाजात मालिका बघताना तो मुका राहण्याचं हे दुसरं कारण असू शकतं.

टीव्हीकडून काय येतंय तेही बघा. डिशचा बॉक्स टीव्हीला आणि टीव्हीची एआरसी (म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे नेणारी सोय) किंवा ऑप्टिकल वायर रिसीव्हरला, अशी जोडणी असेल तर टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत ‘पीसीएम’ असतं की ‘बिटस्ट्रीम’, किंवा ‘ऑटो’, ‘पासथ्रू’? एआरसी आणि ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. मग ओटीटीवरचा ५.१ सिनेमाही स्टिरिओ होऊन येतो. रिसीव्हरच्या पाटीवर ‘डॉल्बी डिजिटल’ अशी अक्षरं उमटतात का, हे बघणं सगळ्यात सोपं.

आता उरली खोली, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ घरोघरी इथेच जातो. मेनूतले बदल दहा मिनिटांत होतात. खोलीशी मात्र भांडता येत नाही, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून घुमतात. कुठला सूर, हे काढायचा हिशोब सोपा आहे. ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा. तुमच्या १५ फुटांसाठी साधारण ३८ हर्ट्झ, १२ फुटांसाठी ४७, आणि १० फुटांच्या उंचीसाठी साडेछप्पन. या सुरांवर खोली स्वतःच भर घालते. भर सगळ्यात जास्त असते भिंतीलगत आणि कोपऱ्यात, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर त्या सुराची जवळजवळ पोकळी असते. तुमची मांडणी पुन्हा वाचा. वूफर समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. म्हणजे ३८ हर्ट्झ जिथून सगळ्यात जोरात उठतो तिथे वूफर, आणि जिथे तो सगळ्यात जोरात ऐकू येतो तिथे तुमचे कान. सिनेमातला दणका नेमका ३० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. वूफर चांगला की वाईट हा प्रश्न इथे येतच नाही. कुठलाही ठेवला असता तरी काचा थरथरल्याच असत्या. आणि १२ इंची ठेवलात तर जास्त.

वूफरला जागा शोधायची जुनी रीत आजही मी वापरतो. वूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. बेस गिटार चढत-उतरत वाजते असं ओळखीचं गाणं लावा. मग स्वतः भिंतीच्या कडेने, वूफर ठेवता येण्यासारख्या जागांवर, कान जमिनीच्या जवळ नेऊन ऐकत फिरा. काही ठिकाणी एकच सूर घोंगावेल, काही ठिकाणी सूर गायब होतील. जिथे सगळे सूर सारख्या तोलाने येतात तिथे खूण करा आणि वूफर तिथे आणा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोलीचं वागणं तेच राहतं, म्हणून ही रीत चालते. बहुतेक हॉलमध्ये ही जागा कोपऱ्यापासून तीन-चार फूट आत निघते. तुमच्याकडे दार आणि बाल्कनी कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. सोफाही जमला तर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. बरोबर मध्यावर मात्र आणू नका.

इथे चादरींबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्या गावात हा प्रश्न मला हमखास येतो. घरात सोलापुरी चादरी भरपूर असतात, आणि कुणीतरी सांगतं की भिंतीवर चादरी टांगा, बेस घुमायचा थांबतो. मी एका घरी तीन भिंतींना चादरी लावलेल्या पाहिल्या आहेत. बोलणं जरा मऊ आणि स्पष्ट झालं होतं, ते खरं. फरशी आणि उघड्या भिंतींवरून उडणारा वरच्या सुरांचा खणखणाट चादर कमी करते. पण ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी २८ फूट असते. तिच्यापुढे काही मिलिमीटरची चादर म्हणजे नसल्यासारखीच. बेस शोषायला कोपऱ्यात निदान चार-सहा इंच जाडीची रॉकवूलची पॅनेल उभी करावी लागतात, आणि तीही साठ-सत्तर हर्ट्झच्या वरच जास्त कामाची. म्हणून आधी जागा बदला, ती फुकट आहे.

जागा ठरली की फेज, म्हणजे वूफर आणि टॉवर एकाच तालात हलतात की उलटसुलट, ते बघायचं. वूफरवर ० आणि १८० असं बटण असतं. ८० हर्ट्झचा सलग सूर (फोनवरच्या टोन जनरेटरमधून मिळतो) टॉवर आणि वूफर दोन्ही चालू ठेवून वाजवा. तुम्ही सोफ्यावर बसा आणि घरातल्या कुणाला ते बटण बदलायला सांगा. ज्या बाजूला सूर भरदार वाटेल ती बरोबर. मग रिसीव्हरचा ऑटो सेटअप पुन्हा एकदा चालवा. वूफरचं व्हॉल्यूम बटण मध्यावर ठेवून सुरुवात करा. सेटअप झाल्यावर रिसीव्हरने वूफरची पातळी उणे १२ अशी टोकाला नेली असेल, तर बटण कमी करून सेटअप पुन्हा चालवा. पातळी उणे ६ ते शून्याच्या मध्ये आली की ठीक. वूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर घाबरू नका आणि ते बदलूही नका. वूफरच्या आतल्या सर्किटमध्ये जो उशीर होतो तो रिसीव्हरने त्या अंतरात धरलेला असतो. स्पीकरचं स्मॉल-लार्ज मात्र सेटअपनंतर पुन्हा तपासा, कारण तो त्यांना परत लार्ज करून ठेवू शकतो. फोनवरच्या डेसिबल ॲपने वूफर मोजायच्या फंदात पडू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे सूर तो कमीच पकडतो, आणि त्याच्यावर विसंबून लोक वूफर भलताच वाढवतात.

उन्हाळ्याची एक गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात हॉलमध्ये कूलर चालू असतो आणि त्याची घरघर नेमकी खालच्या सुरांत असते. बेस तिच्यात बुडतो, म्हणून लोक वूफर वाढवतात. जून उजाडतो, कूलर बंद होतो, वूफर तसाच राहतो. सेटअप कूलर आणि पंखा बंद ठेवून, घर शांत असताना करा आणि ठरलेल्या आकड्यांची एक चिठ्ठी रिसीव्हरला चिकटवून ठेवा.

आता खालच्या काकांचा प्रश्न. ज्यांचं बालपण पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्याशेजारी गेलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. माग चालू असताना खोलीत खटखट असते, पण भिंतीपलीकडे पोचते ती धडधड. तीक्ष्ण आवाज भिंत अडवते, जाड आवाज तिच्यातून जातो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली की गाणं कुठलं ते कळत नाही, ठोका मात्र छातीत लागतो, तसंच. तुम्हाला वर सिनेमा ऐकू येतो, काकांना खाली फक्त ३८ हर्ट्झ. त्यांची तक्रार खरी आहे. वूफरखाली रबर किंवा फोम ठेवल्याने पेटीचं थेट कंपन थोडं कमी होतं. पण काँक्रीटच्या स्लॅबवर त्याचा फार फरक पडत नाही, कारण या सुरांची बहुतेक ताकद हवेतूनच स्लॅबला आणि भिंतींना हलवते. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढणं आणि तो घोंगावणारा सूर आटोक्यात आणणं, यानेच काकांना सगळ्यात जास्त आराम मिळेल.

रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ असा पर्याय असतो. त्याने कुजबुज वर येते आणि स्फोट खाली बसतो, म्हणजे रिमोट हातात घेऊन बसावं लागत नाही. पण हळू आवाजात बेस पातळ वाटतो म्हणून वूफर वाढवू नका. कानाचा स्वभावच तसा आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं, की आवाज हळू असला की खालचे सूर कानाला फारच कमी जाणवतात. आणि उलटही खरं: मधल्या सुरांना दुप्पट मोठं वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, बेसला त्याच्या जवळपास निम्मेच पुरतात. त्यामुळे हळू आवाजात ‘बरोबर’ केलेला वूफर सिनेमाच्या वेळी अंगावर येतो. डेनॉन-मारँट्झच्या बऱ्याच रिसीव्हरांत ‘डायनॅमिक ईक्यू’ आणि यामाहाच्या बऱ्याच रिसीव्हरांत ‘वायपाओ व्हॉल्यूम’ अशी सोय असते. ती आवाजाच्या पातळीनुसार बेस आपोआप सावरते. तुमच्या रिसीव्हरात असेल तर चालू करा.

एवढं सगळं झाल्यावर १२ इंचीचा विचार करू. मोठ्या वूफरचा उपयोग खरा आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. तोच आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ४० ऐवजी २० हर्ट्झवर काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते. तिथे मोठा कोन आणि मोठी पेटी लागतेच. तुमच्या हॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, खाली राहणारे शेजारी असताना तुम्हाला ते २० हर्ट्झ खरंच हवेत का, हे तुम्हीच ठरवा. बंगल्यात तळमजल्यावर राहणाऱ्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं. पैसे खर्च करायचेच असतील तर माझं मत असं, की एक १२ इंची घेण्यापेक्षा आहे त्यासारखाच दुसरा १० इंची घ्या आणि दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवा. हार्मन कंपनीत काम करणाऱ्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या मांडण्या तपासून दाखवलं, की आयताकृती खोलीत चारही भिंतींच्या मध्यावर चार वूफर असले तर सोफ्यावरच्या सगळ्या जागी बेस सारखा येतो, आणि समोरासमोर दोन ठेवले तरी त्याच्या बरंच जवळ जाता येतं. मी अशी मांडणी बसवली आहे आणि दोन वूफर मिळून आवाज कमी ठेवूनही समाधान देतात, हा माझा अनुभव आहे.

एक राहिलं. गाणं थांबल्यावर वूफरमधून बारीक गुणगुण येत असेल, तर केबल टीव्हीची किंवा डिशची वायर एकदा काढून बघा. गुणगुण गेली तर ती ५० हर्ट्झची विजेची गुणगुण आहे, अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी. सगळी यंत्रं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या. वूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

आज संध्याकाळी फक्त टॉवर स्मॉल करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा, वूफर ‘ऑन’ करा आणि तेच गाणं लावा. रविवारी वेळ काढून जागा शोधा. मग मला तीन गोष्टी कळवा: वूफरचं मॉडेल, टीव्हीच्या मेनूत पीसीएम होतं की बिटस्ट्रीम, आणि वूफर शेवटी कोपऱ्यापासून किती फुटांवर आला. काकांनाही एकदा वर बोलवा. तुम्ही सिनेमा लावा, ते खाली जाऊन ऐकतील आणि कुठल्या पातळीला त्यांना त्रास होतो ते फोनवर सांगतील. तो आकडाही त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवा.